अकराव्या कोयत्याची ओळ

नांदूरघाट, ता. केज
रविवार, ७ जून १९८७

तीर्थस्वरूप सरस्वतीआत्यांना,

सुभद्रेचा नमस्कार. तुमचे गुडघे आता बरे असतील असं धरून चालते. इकडे आज मृग लागला, पण आभाळात काही नाही. टँकर दोन दिवसांआड येतो. भामाचा खोकला गेला. गहिनीनाथ आणि मी पाझर तलावाच्या कामावर जातो, हजेरी नियमित लागते. एवढं सगळं खरं आहे.

२४ मेच्या पत्रात मात्र मी तुम्हाला एक गोष्ट खोटी लिहिली. ती आधी दुरुस्त करते, मग पुढचं.

मी लिहिलं होतं की कारखान्याच्या शेतकी ऑफिसातल्या कारकुनाने नजरचुकीने मला नवरेवाली म्हणून नोंदवलं, आणि त्यामुळे शिक्षण निधीचा माझा अर्ज परत आला. अर्ज परत आला हे खरं. नोंद चुकीची आहे हेही खरं. पण कारकुनाची नजर चुकलेली नाही. ती ओळ त्यांनी लिहिलेली नाही. मी लिहिली आहे, आत्या. अक्षर माझं आहे.

हे वाचून तुम्ही पत्र खाली ठेवलं असेल. पुन्हा उचला. कसं झालं ते सांगते.

तुम्हाला ठाऊक आहे, ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. दरवर्षी दसऱ्याच्या आधी मुकादम आपल्या टोळीची यादी कारखान्यावर नोंदवतो. आमचा मुकादम त्रिंबक अंगठेबहाद्दर आहे. त्यामुळे तीन वर्षं त्याच्याबरोबर ट्रकमधून माजलगावकडे जाऊन यादी सांगायचं काम माझ्याकडे होतं. तिथे खिडकीपाशी दोनशे मुकादमांची रांग, आत कारकून बंकटभाऊ एकटे. पहिल्याच वर्षी त्यांनी मी आणलेला कागद बघितला आणि नोंदवही माझ्याकडे फिरवली. म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर देवाला दाखवावं असं हाय. तुमीच उतरवा, म्या सही ठोकतो." मी उतरवलं. त्यांनी खाली सही केली. पुढची दोन वर्षंही तसंच झालं.

नोंदवहीत तीनच रकाने छापलेले आहेत. कोयता क्रमांक, पुरुषाचे नाव, पत्नीचे नाव. चौथा रकाना नाही. अकरावा कोयता आमचा. पत्नीच्या रकान्यात सुभद्रा.

हे मी तुम्हाला आधी का सांगितलं नाही? भीती वाटली. निधीचे नियम तुम्हीच मला वाचून दाखवले होते: जी बाई नवऱ्याशिवाय लेकरू सांभाळते, जिचं कॉलेज मधेच सुटलं, आणि जिचं नाव किमान दोन हंगाम कारखान्याच्या नोंदवहीत आहे. तेव्हा तुम्ही म्हणालात, "सुभद्रे, हा नियम तुझं माप घेऊन शिवलाय." फी, तुमच्या वसतिगृहात जागा, भामाच्या दूध-पाटीला महिन्याला काहीतरी. बी.ए.चं पहिलं वर्ष होऊन सात वर्षं झाली. मला दुसऱ्या वर्षाचं पुस्तक हातात घेतल्याची स्वप्नं पडायची आणि स्वप्नात पुस्तकाची पानं कोरी असायची. आणि झालं काय, ज्या ओळीमुळे मी निधीला पात्र, त्याच ओळीमुळे अपात्र. ती ओळ नसती तर मी ऊसतोडीत होते याला पुरावा नाही. ती ओळ आहे तर मला नवरा आहे.

तेव्हा मी कारकुनावर ढकललं. मनात म्हटलं, कारकुनाची चूक म्हटली की ती कुणाचीच नसते. तुम्ही पत्र मनावर घेऊन संचालक विठ्ठलरावांना गाठाल, हे मला सुचलं नाही असं लिहिणार होते. पण तेही खोटं होईल. मला सुचलं होतं. तसं व्हावं असं वाटतही होतं.

परवा शुक्रवारी बंकटभाऊ आले. सायकल भिंतीला लावली, पाणी मागितलं, अर्धाच तांब्या प्याले आणि उरलेलं भामाला देत म्हणाले, "घे बाळा, सांडू नकोस, टँकर आमच्या साहेबाच्या गाडीपेक्षा महाग हाय." मग ओट्यावर बसले. मला वाटलं निधीचं काही कळवायला आलेत.

"एक तारखेपासून घरी हाय," ते म्हणाले.

"रजा टाकली?"

"टाकली न्हाई. टाकलं. मला. चौकशी होस्तवर कामावर यायचं न्हाई म्हणून कागद दिला. अंबाजोगाईच्या वसतिगृहाच्या बाईनी विठ्ठलरावाकडं तक्रार केली म्हणं, एका परित्यक्ता बाईला कारकुनानं नवरेवाली केली."

ते टोपी काढून त्यात बघत बसले.

"साहेबांनी पान उघडलं, ताई. म्हणले, हे अक्षर कुणाचं? म्या म्हणलं, साहेब, माझं अक्षर असं असतं तर मी तलाठी झालो असतो. ते म्हणले, चेष्टा करतो का, खाली सही कुणाची? सही माझीच की."

"तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"कावून सांगू? नोंदवही परक्याच्या हातात दिली हे सांगितलं तर तीबी चूकच. अन् दुसरं एक हाय." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "दोनशे मुकादमांच्या याद्या येतात. त्यात तुमची एकच वाचता येते. म्या आपलं ठरवलं, तुमी होऊन सांगावं. म्हणून आलतो."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. जाताना भामाला विचारलं, कितवीत आहेस. ती म्हणाली, पहिलीत. ते म्हणाले, "मग तुझ्या आईला म्हणावं, लौकर कर. न्हाईतर तू तिच्या म्होरं जाशील."

आत्या, तुम्ही मला शाळेच्या आधी शिकवलंत. दादा आणि माय सहा महिने ऊसतोडीला जायचे आणि मी तुमच्याजवळ असायचे. तेव्हा पाटीवर चुकलं की मी घाईघाईने परकराने पुसायला बघायचे आणि तुम्ही मनगट धरायचात. म्हणायचात, पुसू नको. शेजारी बरोबर लिही. दोन्ही राहू दे. त्यामुळे माझी पाटी नेहमी भरलेली असायची आणि बाकीच्या पोरी हसायच्या. त्याच सवयीने आज हे लिहिते आहे. तुम्ही विठ्ठलरावांना हे कळवा. मीही सांगणार आहे. बंकटभाऊंना कामावर परत घ्यायला हवं.

निधीचं काय होईल ते मला माहीत नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

तुमची भाची
सुभद्रा

—

नांदूरघाट
रविवार, १४ जून १९८७

तीर्थस्वरूप आत्यांना,

नमस्कार. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. दोन ओळींचं उत्तर येईल असं वाटलं होतं, तुम्ही दोन पानं लिहिलीत, त्यावरून तुम्हाला किती लागलं ते समजलं.

तुम्ही लिहिता, "आता शहाणपणा पुरे. मी तुझ्यासाठी शब्द टाकला आहे. बंकटला दोन महिन्यांनी परत घेणार आहेत, तसं विठ्ठलराव म्हणाले. टंकलिखित कागद घेऊन ते स्वतः येतील, त्यावर सही कर आणि गप्प राहा. असा निधी पुन्हा निघेल न निघेल. तुझ्या मुलीचा विचार कर."

आत्या, आजवर तुमचं एकही म्हणणं मी मोडलेलं नाही. धर्मराजशी लग्न नको म्हणालात तेव्हा मी मोडलं नव्हतं, दादांनी मोडलं होतं. पण हे ऐकणार नाही. का ते सांगते. त्यासाठी आधी आणखी एक दुरुस्ती करायची आहे. ती मागच्या रविवारी करायचं धैर्य झालं नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "निघून गेलेल्या नवऱ्याचं नाव तू लावून ठेवलंस, यात एवढं काय?" तुमची तशी समजूत होईल असंच मी लिहिलं होतं. पत्नीच्या रकान्यात सुभद्रा, एवढंच लिहून मी थांबले. पुरुषाच्या रकान्यात कोण, ते लिहिलं नाही.

धर्मराज नाही. धर्मराज निपाणीकडे दुसरं घर करून चार वर्षं झाली, त्याचं नाव लावून ऊस कोण तोडणार होतं? पुरुषाच्या रकान्यात आहे: गहिनीनाथ रामहरी. आणि पुढे पत्नी: सुभद्रा गहिनीनाथ.

माझा भाऊ. मी त्याला राखी बांधते.

पहिल्या वर्षी तो सतरा वर्षांचा होता. त्याचं लग्न नाही, म्हणजे तो अर्धा. मला नवरा नाही, म्हणजे मी अर्धी. मी त्रिंबकला म्हटलं, दोन अर्धे मिळून एक होतो की. तो म्हणाला, "भाऊ-भन म्हणलं की ऑफिस पुरा कोयता धरत न्हाई. भाऊ उद्या लगीन करतो, भन उद्या नांदायला जाते, हंगाम मोडतो. जोडपं लिही, न्हाईतर दोघंबी ऱ्हावा घरी." भामा माझ्या मांडीवर होती, तीन वर्षांची, अंगात ताप. घरात त्या आठवड्याचं काही नव्हतं. खिडकीपाशी मागचे मुकादम ओरडत होते. मी सुभद्रा लिहिलं. मग हात थांबला. बराच वेळ थांबला असेल, कारण बंकटभाऊ म्हणाले, "बाई, शाई संपली का?" मग मी पुढचं लिहिलं.

दुसऱ्या वर्षी हात जरासा थांबला. तिसऱ्या वर्षी थांबलाही नाही. पहिल्या वर्षीची मला लाज वाटते, पण तिसऱ्या वर्षीची जास्त वाटते.

आणि ती एकच ओळ नाही. आमच्या टोळीत आणखी चार बायका एकट्या आहेत. त्या चौघींच्या ओळी मीच लिहिल्या. भिवराबाईंचा नवरा जाऊन पाच वर्षं झाली, पण माझ्या अक्षरात तो अजून दर हंगामाला ऊस तोडतो. त्याच्या नावावर त्यांचा पुतण्या काम करतो. एकीचं नाव तिच्या दिराची बायको म्हणून आहे. मी अक्षर चांगलं काढलं, काना-मात्रा कुठे चुकली नाही, आणि पाच बायकांना नोंदवहीतून पुसून टाकलं. उद्या त्यांच्यापैकी कुणी कारखान्याकडे काही मागायला गेली तर माझ्यासारखीच परत येईल. तुम्ही सांगता सही कर. त्या कागदावर सही केली तर माझी एक ओळ दुरुस्त होते, तीसुद्धा खोट्या कारणाने. त्या चौघी तशाच राहतात.

विठ्ठलराव बुधवारी आले होते. पाझर तलावाचं काम बघायला आले आणि जीप माझ्यापाशी थांबवली. मागे त्रिंबक बसला होता. मी खडीची पाटी खाली ठेवली, हात झटकले. त्यांनी कागद पुढे केला. मी वाचायला लागले.

"वाचतीस काय? परीक्षा हाय का?"

"वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मला आत्याने शिकवलंय."

त्रिंबक मागून म्हणाला, "म्हणलं नव्हतं का साहेब? मास्तरीण हाय. टोळीत भाकरी कमी अन् धडे लई."

कागदावर लिहिलं होतं की सदर नोंद लिपिकाच्या नजरचुकीने झाली असून अर्जदार महिलेचा त्यात काही संबंध नाही. खाली माझ्या सहीसाठी टिंबटिंब. मी कागद परत दिला.

"साहेब, हे अक्षर माझं आहे. लिपिकाचं नाही."

त्यांनी ड्रायव्हरकडे बघितलं, त्रिंबककडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "हे मी ऐकलं न्हाई, पोरी."

"परत सांगू?"

"नको. हे बघ. सरस्वतीबाईंना आम्ही मानतो. तुझं काम करायचं ठरलंय. तू फक्त गप बसायचं हाय, तेवढंबी जमंना का? वीस तारखेला निधीच्या समितीची बैठक हाय. तवर सही करून पाठव."

"आणि बंकटभाऊ?"

"लेखणी धरणाऱ्या माणसाची लेखणी चुकतीच. दोन महिने घरी बसला तर मरत न्हाई."

"त्यांची लेखणी चुकली नाही, साहेब. ती माझ्या हातात होती. आणि एक विचारते, राग मानू नका. त्या नोंदवहीत एकट्या बाईला रकाना का नाही?"

त्यांनी काच वर केली. जीप पुढे गेल्यावर त्रिंबक खाली उतरून पायी परत आला. म्हणाला, "सुभद्रे, तुला मी तीन हंगाम नेलं. आता दसऱ्याला तुझ्या भावाला कोण नेतंय ते बघतो." मी म्हटलं, "बघा. पण या वेळी यादी लिहायलाही दुसरं कुणीतरी बघा."

असं बोलल्यावर मला फार बरं वाटलं आणि मग दिवसभर दसऱ्यानंतर काय खायचं याचा हिशोब करत होते. तुम्हाला दोन्ही सांगितलं पाहिजे.

आता गहिनीनाथचं. मला खरी भीती त्याची होती. तुम्हाला माहीत नसेल, त्याच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत. सुंदरराव म्हणून आहेत पलीकडच्या गावचे, त्यांची मुलगी. दोन्हीकडून पसंती आहे. आणि मी भर बैठकीत सांगणार की कागदावर या मुलाची बायको म्हणून त्याची बहीण आहे. लोक काय बोलतील? म्हणून मी ठरवत होते, लग्न होईपर्यंत थांबावं. मग वाटलं, माझ्या भावासाठी थांबायचं तर त्याला विचारून तरी थांबावं.

शुक्रवारी दुपारी कामावर बाभळीखाली भाकरी खायला बसलो होतो. मी म्हटलं, "गहिन्या, तुला एक सांगायचंय. कारखान्याच्या नोंदवहीत मी आपल्या दोघांचं..."

"ठाऊक हाय, अक्का."

"काय ठाऊक आहे?"

"तू माझी बायको हाईस ते." त्याने कांदा फोडला आणि अर्धा माझ्यापुढे सारला. "त्रिंबकमामा पयल्या वर्षापासून चिडवतंय. भर फडात. कसं बे गहिन्या, बायको सैपाक बरा करती का?"

"मग तू काय म्हणायचास?"

"म्हणायचो, सैपाक लई चांगला करती, पण पाचटाच्या कोपीत बसल्या बसल्या पाढे म्हणाया लावती."

मला हसू आलं. तीन वर्षं त्याने ते ऐकलं, माझ्यासमोर एकदाही बोलला नाही. मी समजत होते की मी त्याला वाचवते आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लिहिलंस तव्हा मला सांगितलं का? तू गप, म्हणून मी गप."

मी त्याला वीस तारखेचं सांगितलं. सुंदररावांचंही बोलले, म्हटलं लग्न होऊ दे, मग बघू. त्याने उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

"अक्का, लगीन मला करायचंय का नोंदवहीला? त्या मानसाला दुसऱ्याकडून कळलं तर त्यो खवळंल. म्याच जाऊन सांगतो."

आणि काल तो गेला. धुतलेला शर्ट घालून सायकलवर गेला, दुपारी परत आला. मी दारातच उभी होते. म्हणाला, सुंदररावांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, शेवटी म्हणाले, कळवतो. आज रविवार. अजून काही कळवलेलं नाही. तो सकाळपासून दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. आत्या, हे मी तुम्हाला लपवून लिहू शकले असते. सगळं सोपं झालं असं तुम्हाला वाटू नये म्हणून लिहिलं.

भिवराबाईंनाही सांगितलं. त्यांना वाटलं होतं, नोंदवहीत त्यांचं नाव त्यांच्याच नावाने आहे. मी म्हटलं, तुमच्या मालकांच्या नावापुढे तुमचं नाव मीच लावलंय, ते हयात आहेत असं. मग म्हणाल्या, "माझा मालक मेला तव्हा मला रडायलाबी येळ दिला न्हाई कुणी, चौथ्या दिशी फडात होते. अन् तिथं कारखान्यात त्यो जित्ता हाय व्हय? मग एकदा भेटूनच येते त्याला. लई हिशोब राहिलेत त्याच्याकडं." त्या बरोबर येणार आहेत. बाकीच्या तिघींपैकी दोघी येतो म्हणाल्या, एकीच्या दिराने नाही म्हटलं. चौघीजणी तरी होऊ.

मी काय करणार आहे ते आता नीट लिहिते, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको.

आम्ही बैठकीच्या खोलीत जाऊ. मी नोंदवही मागणार आहे. दिली तर पाचही ओळी उघडून दाखवीन. काही खोडणार नाही. प्रत्येकीच्या शेजारी खरं काय ते लिहीन, तारीख घालीन, खाली माझी सही करीन. आलेल्या बायकांनी आपापला अंगठा उमटवायचा आहे, नाही आलेल्या बाईची ओळही मी दाखवीन, पण तिच्या अंगठ्याची जागा मोकळी ठेवीन. नोंदवही दिली नाही तर हेच मी वेगळ्या कागदावर लिहून आणलेलं असेल, तो कागद मी टेबलावर ठेवीन आणि पोच मागीन. विठ्ठलराव हे ऐकलं नाही म्हणतील, पण समितीत आणखी दोन संचालक आहेत. तिघांनाही एकाच वेळी ऐकू येणार नाही असं होणार नाही.

मग माझा अर्ज देईन. त्यात विनंती आहे असं लिहिलेलं नाही, मागणी आहे असं लिहिलंय. तो निधी कुणी घरातून आणलेला नाही. आम्ही तोडलेल्या दर टनामागे कापून जमवलेला आहे. त्यात माझ्या मोळ्या आहेत, भिवराबाईंच्या आहेत. मला कुणी दयेने शिकवत नाही, आत्या. मी आणि माझ्यासारख्यांनी ऊस तोडून ती फी भरून ठेवलेली आहे, फक्त ती माझ्या नावावर नाही. नाव बरोबर लिहायला चालले आहे.

ते म्हणतील, खोटी नोंद केली म्हणून तू अपात्र. म्हणू देत. मी विचारीन, खरी नोंद करायला रकाना कुठे होता? दाखवा, मी आत्ता तिथे लिहिते.

आणि निधी नाहीच मिळाला तर? हे तुमच्या मनात असेल, माझ्या मनात तर रोज सकाळी असतं. तर कॉलेज नाही. मी इथे खोटा धीर दाखवत नाही, कारण फीला दुसरी वाट नाही. दसऱ्यानंतर पुन्हा ऊसतोड, त्रिंबकने नाही नेलं तर दुसऱ्या मुकादमाबरोबर. पण तेव्हा नोंदवहीत मी अर्धा कोयता म्हणून लागेन. अर्धा, आणि माझ्या नावाने. मजुरी कमी येईल. भामाला दुसरीची पुस्तकं तरीही मी घेईन.

तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात आणि मी तो खोटा पाडते आहे. विठ्ठलरावांपुढे तुम्हाला खाली बघावं लागेल. याबद्दल मी तुमची माफी मागते, आणि ती मनापासून मागते. पण तुमचा शब्द माझ्या खोट्यावर उभा होता. तो पडायचा होताच. मी पाडला तर निदान तुम्हाला आधी माहीत आहे.

हे पत्र बुधवारपर्यंत तुम्हाला मिळावं. थांबवायचं असेल तर दोन दिवस आहेत. माझी समजूत घालायला येऊ नका, यायचं तर थेट बैठकीला या. भिवराबाईंच्या शेजारी एक जागा धरून ठेवते. नाही आलात तरी मला राग नाही, फक्त वसतिगृहातली ती खाट वीस तारखेपर्यंत कुणाला देऊ नका. त्यानंतर तुमची मर्जी.

गहिनीनाथ आत्ताच पुन्हा रस्त्याकडे गेला. सुंदररावांकडून काही आलं तर पाकिटाच्या मागे लिहीन. मागे कोरं असेल तर काही आलेलं नाही असं समजा.

भामा विचारते आहे, आत्याआजीला माझं नाव लिहू का. तिने खाली लिहिलं आहे. तिचा भ चुकला होता. मी तिला पुसू दिला नाही.

बामा
भामा

रामहरींची मुलगी, गहिनीनाथची थोरली बहीण, भामाची आई,
सुभद्रा

बैठक कारखान्याच्या कार्यालयात सकाळी अकराला आहे. मी दहालाच दारात असेन. शनिवार, २० जून १९८७.